वीटभट्टी थांब्याचा रुमाल

हौसाक्काची बस चुकवणारी मीच होते, हे कळायला मला सत्तेचाळीस दिवस लागले. सत्तावीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या बाईला खरं तर सत्तेचाळीस मिनिटंही लागायला नको होती. पण आपल्या डोळ्यातलं मुसळ आपल्याला दिसत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

मी शालन मगदूम. गोष्ट २०४१ सालची. कोल्हापूर-इचलकरंजी नगररेल सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रस्त्याच्या मधोमध धावणारी ही दोन डब्यांची हलकी रेल्वे. कागदावर नगररेल आणि लोकांच्या तोंडी ट्राम. आजूबाजूच्या गावांतली माणसं तिच्यापर्यंत आणून सोडणाऱ्या छोट्या विजेच्या गाड्यांना जोडबस म्हणत. जोडबसला ड्रायव्हर नव्हता, आणि जिथं ड्रायव्हरच नाही तिथं कंडक्टरला कोण विचारतो? वाहतूक मंडळानं माझी घंटीची दोरी सोडवून मला हातकणंगले स्थानकातल्या तक्रार-खिडकीवर बसवलं. रोज सकाळी सहाच्या जोडबसनं मी आमच्या दत्तमाळाहून निघायची. वाटेत दोन थांबे, वीटभट्टी आणि पाण्याची टाकी, आणि मग हातकणंगले. तिथं सहा पंचवीसची ट्राम मिळाली की गिरणीच्या बायका सातच्या पाळीला वेळेवर इचलकरंजीत.

हौसाक्का लोहार वीटभट्टी थांब्यावर चढायची. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे गेलेले. इचलकरंजीच्या एका कपड्याच्या कारखान्यात ती शर्टांच्या घड्या घालायची. ते काम बसून करायचं असतं, म्हणूनच ती ते अजून करू शकत होती. आमची ओळख एकोणीस वर्षांची. जुन्या लाल गाडीवर असताना मला सातवा महिना होता. गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि कंडक्टरच्या सीटवर कोणीतरी पाटील ठाण मांडून बसलेला असायचा. तेव्हा हौसाक्का चढल्या चढल्या त्या सीटवर आपला रुमाल टाकायची आणि कुणी हात लावला तर त्याचं गाव, घर, सगळं काढायची. माझी लेक सुखरूप झाली त्यात त्या रुमालाचा वाटा आहे, असं मी मानते.

पुढे तिचे गुडघे बिघडले तेव्हा मी ते ऋण फेडायला लागले. मी आधीच्या गावातून चढायची, म्हणून तिच्यासाठी खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकायची. माझं बघून दत्तमाळच्या बाकीच्या बायकाही वीटभट्टीच्या बाकीच्या बायकांसाठी टाकायला लागल्या. वीटभट्टीवर सात जणी चढत. चोवीस सीटच्या जोडबसमध्ये आम्ही सतरा जणी आणि सात रुमाल. ड्रायव्हरच्या काळातली ही रीत ड्रायव्हर गेल्यावरही तशीच चालू राहिली.

आता त्या गाड्यांच्या डोक्याबद्दल थोडं सांगते. सगळ्या बस आणि ट्राम मिळून एकच गणित चालवायचं, त्याचं नाव ओघ. पाळीच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर ओघला वेळापत्रक नव्हतं. पाटकरी जसा कोणता वाफा सुकलाय ते बघून तिकडं पाणी वळवतो, तसा ओघ माणसं कुठं साचलीत ते बघून गाड्या वळवायचा. त्याचे दोन नियम होते. पहिला, गाडीत उभ्यानं प्रवास नाही. कारण बिनड्रायव्हरची गाडी आडवं कुत्रं आलं तरी जागच्या जागी थांबते, आणि उभा माणूस पार पुढच्या काचेवर जातो. दुसरा, सगळ्या सीट भरल्या असतील तर वाटेतल्या थांब्यावर थांबायचं नाही. बसलेल्या चोवीस जणांचा वेळ कशाला घालवायचा, मागची गाडी वीस मिनिटांत येतेच आहे. गणित म्हणून दोन्ही नियम बरोबर होते.

पूर्वी ओघ गाडीच्या वजनावरून माणसं मोजायचा. पण आमच्याकडं माणसाबरोबर दुधाचे कॅन चढतात, पेंडेची पोती चढतात, आणि ओघला एका म्हाताऱ्याची चार माणसं दिसायची. म्हणून, मला हे कळलं त्याच्या सत्तेचाळीस दिवस आधी, गाड्यांच्या छताला नवे डोळे म्हणजे कॅमेरे बसवले, प्रत्येक सीटवर एक. आणि तेव्हापासून वीटभट्टी थांब्यावर गाडी थांबेनाशी झाली.

रोज तेच. आम्ही आत, सात जणी बाहेर, आणि गाडी त्यांच्या समोरून सुर्रकन पुढं. हौसाक्का हात वर करायची आणि तो हात तसाच मागं राहायचा. मागची गाडीही तशीच जायची; मग मिळेल त्या वाहनानं सातजणी उशिरा कामावर पोचायच्या. एकदा मला राहवलं नाही, मी संकटकाळचा दांडा ओढला. पण माझा हात पोचेपर्यंत गाडी तीनशे मीटर पुढं गेली होती; थांबली ती उसाच्या फडाशेजारी. दारं बंद. ओघनं तपासणी पुरी करेपर्यंत अकरा मिनिटं गेली, ओघच्या हिशेबी चोवीसजणींची म्हणजे आम्हा सतराजणींची ट्राम चुकली आणि मला मंडळाचा मेमो मिळाला.

दत्तमाळच्या बायकांचं म्हणणं, मशीनला वीटभट्टीची माणसं आवडत नाहीत. मग त्यांनी काय केलं, तर रुमाल आणखी नेटानं टाकायला लागल्या. आज नाही तर उद्या गाडी थांबेल, तेव्हा बिचाऱ्यांना जागा तरी असू दे. मीही त्यातलीच. त्या दिवसांत एकदाही मी रुमाल विसरले नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मी एक युक्ती केली. चढताना कार्ड लावून उतरायचं ठिकाण सांगावं लागे, तिथं मी हातकणंगल्याऐवजी वीटभट्टी सांगितलं. मला उतरवायला तरी गाडीला थांबणं भाग होतं. गाडी थांबली. मी उतरले, एक जागा मोकळी झाली, आणि माझ्या जागी सातजणींतली पुढं उभी असलेली पारू चढली. हौसाक्काचा पाय पायरीवर पडायच्या आत दार लागलं. गाडीच्या अंगावर हिरव्या अक्षरांत पाटी लागली, ‘जागा नाही’.

त्या पाटीच्या वरच खिडकी होती. खिडकीतून मला रिकामी सीट दिसली आणि तिच्यावर माझा निळ्या काठाचा रुमाल. मागं दुसरी खिडकी, दुसरा रुमाल. मी एकोणीस वर्षं हे आतून बघत होते. बाहेरून त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

हौसाक्काला मी काहीच बोलले नाही. तीच म्हणाली, की आता काही या गाडीच्या नादी लागायचं नाही; बायकांनी वडाप ठरवलंय, उद्यापासून जीपनंच जाणार. आणि मग, जणू हवापाण्याचं सांगावं तसं, तिनं सांगितलं, की रोजच्या उशिरामुळं सुपरवायझरनं तिला घडीच्या टेबलावरून काढलं आहे. आता ती पॅकिंगला आहे, आठ तास उभी.

मुग्धा केसरकर ही ओघची मुख्य अभियंता. तिशीची, हुशार, आणि तक्रार-खिडकीवरच्या बाईला बसायला खुर्ची देणारी. त्याच दिवशी मी तिला सरळ विचारलं, की सीटवरचा रुमाल तुमच्या मशीनला काय दिसतो?

तिनं सकाळचं चित्र काढून बघितलं. मग म्हणाली की माणूस दिसतो. चाचणीच्या दिवसांत एका बाईनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. डोळ्यानं ते गाठोडं समजून जागा रिकामी धरली, आणि एक गडी त्याच्यावर बसता बसता राहिला. त्यानंतर मुग्धानं स्वतः नियम घातला होता, की सीटवर काहीही असेल तर ते माणूस समजायचं. मी तिला दोष कसा देणार? तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

तिनं पुढं आणखी एक कागद दाखवला. वीटभट्टीवर आता जवळजवळ कोणीच चढत नाही, म्हणून ओघनं तो थांबा कायमचा काढून टाकायचं सुचवलं होतं. महिनाअखेर मंजुरी. उपाय सोपा आहे, मुग्धा म्हणाली. जागा धरायला बंदी करू, गाडीत तशी सूचना लावू.

इथं मात्र माझं डोकं फिरलं.

“मुग्धाताई, तुमचं मशीन पुढच्या थांब्यावर कोण उभं आहे याचा अंदाज बांधतं,” मी म्हणाले. “रुमाल टाकणारीला अंदाज बांधावा लागत नाही. तिला माहीत असतं. कोण येणार, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कितवा महिना आहे. एवढी माहिती तुमच्या सीटवर फुकट पसरलेली आहे आणि तुम्ही तिला बंदी घालणार?”

मुग्धा हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती उठून फळ्यापाशी गेली आणि पाऊण तास आकडेमोड करत राहिली. डोळा वस्तूची उंचीही मोजू शकतो, ती म्हणाली. चार बोटांहून कमी उंचीचं बाळ नसतं. तेव्हा सीटवर सपाट कापड दिसलं तर ओघनं ती जागा भरलेली धरायची नाही आणि रिकामीही धरायची नाही. पुढं कोणीतरी वाट बघतंय असं समजायचं. रुमाल उचलला जाईपर्यंत गाडीनं पुढच्या प्रत्येक थांब्यावर थांबायचं, दार उघडून बारा सेकंद.

पण मंडळ नियम असा बदलू देणार नव्हतं. दोन दिवस खेपा घालून तिनं एकाच गाडीवर, कामाच्या एकवीस दिवसांपुरती परवानगी मिळवली. एकविसाव्या दिवशी ओघ स्वतः निकाल देणार होता. रुमाल टाकला आणि थांब्यावरून माणूस येऊन त्या जागेवर बसलं, तर रुमाल खरा.

“एक तरी खरा हवा, मगदूमताई,” ती म्हणाली. “एक मिळाला तर ओघ त्यावरून शिकत जाईल, मुदत आपोआप वाढेल. पण शून्यातून त्याला काही शिकता येत नाही. शून्य राहिलं तर थांबा जाईल.”

त्याच संध्याकाळी मी वीटभट्टीला हौसाक्काच्या घरी गेले. ती पायांना तेल चोळत बसली होती. मी काही लपवलं नाही. गाडी न थांबण्याला माझा रुमाल कारण होता, तुझं बसायचं काम माझ्यामुळं गेलं, असं तिच्या तोंडावर सांगितलं. सांगताना मला रडू आलं. तिला नाही आलं.

तेलाची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, “म्हंजे आमी उनातानात हात वर करून हुबं, आन् आत आमच्याच नावानं जागा अडीवलेली. आन् आता म्हनतीस, त्योच रुमाल टाकून गाडी थांबीवतो. शालन, मला त्या मशीनफुडं हात जोडायला लावू नगंस. वडाप येतंय, हात केला की थांबतंय. मानूस चालीवतंय त्येला.”

मी म्हटलं, वडापच्या फळीवर बसून तुझे गुडघे राहतील का? ती म्हणाली, गुडघं माजं हाईत.

मी उठले. दारातून एवढंच म्हणाले, की उद्यापासून तुझी जागा धरलेली आहे, यायचं की नाही ते तू बघ.

पहिल्या दिवशी आम्ही सात रुमाल टाकले. वीटभट्टीला गाडी स्वतःहून थांबली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. दार उघडलं. समोर रस्त्याच्या पलीकडं वडापची जीप उभी होती, आणि तिच्यात कोंबून बसलेल्या सातजणी आमच्याकडं बघत होत्या. मी दारात जाऊन जुन्या सवयीनं आवाज दिला, “वीटभट्टी, वीटभट्टी कोण हाय?” कोणी हललं नाही. बारा सेकंद गेले, दार लागलं. पुढं पाण्याच्या टाकीला उगाच खोळंबा नको म्हणून मी रुमाल उचलून घेतले.

हे रोज चाललं. बारा सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ट्राम समोर सुटताना दिसली की बारा सेकंदांचं मोल कळतं. सहाव्या दिवशी ट्राम चुकली तेव्हा पहिला रुमाल कमी झाला. बायका वाईट नव्हत्या. त्यांनाही पाळी गाठायची होती. बाराव्या दिवशी माझा एकटीचा रुमाल उरला. मागून कोणीतरी पुटपुटलं, की कंडक्टरकी सुटल्यापासून शालनवहिनीच्या अंगात कंडक्टर येतो.

पंधराव्या दिवशी माझ्या नवऱ्यानं शहाणपण शिकवलं. एकच रुमाल खरा करायचा ना, मग तूच वीटभट्टीला उतर, लगेच परत चढ आणि त्या जागेवर बस. मशीनला काय कळतंय. खरंच कळलं नसतं. पण सत्तावीस वर्षांत मी एक तिकीट खोटं फाडलं नाही. आणि खोट्या रुमालावरून मशीन जे शिकेल ते खोटंच शिकेल, मग पुढं कुठल्यातरी गावात कुठलीतरी हौसाक्का रस्त्यावर राहील. एकदा माझ्या अजाणतेपणी हे झालं होतं, आता जाणूनबुजून करायचं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तुमची भाकरी खा.

अठरा झाले, एकोणीस झाले. मुग्धाचा रोज संध्याकाळी फोन यायचा, आणि मी रोज ‘शून्य’ म्हणायची. विसाव्या दिवशी ती म्हणाली की तिनं वरिष्ठांकडं मुदत मागून बघितली, मिळाली नाही. तिचा आवाज पडला होता. मी म्हटलं, उद्याचा दिवस आहे ना अजून?

एकविसाव्या सकाळी मी रुमाल धुऊन, इस्त्री करून नेला. का, ते माझं मलाच माहीत नाही. खिडकीजवळच्या सीटवर तो चारी टोकं ओढून अंथरला आणि शेजारी बसले. सगळ्यांना दिवस माहीत होता.

वीटभट्टी आली. गाडी थांबली, दार उघडलं. पलीकडं वडाप उभं होतं. मी दारात गेले आणि हाक दिली. कोणी हललं नाही, म्हणून परत एकदा दिली.

वडापच्या मागच्या फळीवरून हौसाक्का उतरली. आधी एक पाय, मग दांड्याला धरून दुसरा. ती रस्ता ओलांडायला लागली आणि माझ्या लक्षात आलं, की त्या गुडघ्यांना बारा सेकंद पुरणार नाहीत. मी मनात मोजत होते. सात, आठ. ती रस्त्याच्या मध्यावर होती. माझ्या मागून दत्तमाळची एक पोरगेली बाई उठली, तिनं दाराच्या फटीत आपला पाय घातला आणि पुढं बघत तशीच उभी राहिली. ही तीच पुटपुटणारी होती. दार तिच्या पायाला लागून परत उघडलं. ओघनं नवे बारा सेकंद दिले.

हौसाक्का चढली. तिला धाप लागली होती. सीटपाशी येऊन तिनं रुमाल उचलला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि बसली. सीटवरच्या छतात एक बारीक दिवा लुकलुकला. एक रुमाल खरा झाला होता.

“वीस दिस बघतीया त्या जीपमधनं,” ती म्हणाली. “म्हटलं बघू, आदी कोन दमतंय. मशीन का शालन.”

“मग?”

“दोगंबी दमंनात. मीच दमले.”

मी तिचा हात धरला, तिनं तो धरू दिला. खिडकीबाहेर वडाप अजून उभंच होतं, आणि त्यातल्या सहाजणी माना वळवून आमच्या गाडीकडं बघत होत्या.

गाडी सुटली. पुढचा थांबा पाण्याची टाकी. तिथं महिन्यामहिन्यात कोणी चढत नसे, त्यामुळं ओघ तो थांबा वगळूनच जायचा, आणि आता रुमालही उचललेला होता. गाडीनं वेग धरला तशी हौसाक्का कमरेला खोचलेला आपला रुमाल काढून समोरच्या रिकाम्या सीटवर टाकायला वाकली. चुरगळलेला, तेलाचे डाग पडलेला. तिनं तो हातानं नीट सपाट केला.

मी विचारलं, हा कुणासाठी?

“पॅकिंगला माज्या शेजारी एक पोरगी हाय. टाकीपास्नं स्टेशनापत्तुर चालत येती,” हौसाक्का म्हणाली. “सातवा लागलाय तिला.”

टाकी अजून दिसायची होती. पण गाडीचा वेग आधीच उतरायला लागला होता.